साठ की आठ?

सुरुवात एका आकड्यावरून झाली. फोनवर कुणीतरी "साठ" म्हणालं आणि मी "आठ" लिहून घेतलं. एकदा नाही, तीनदा. चौथ्यांदा लेक म्हणाली, अगं आई, कान तपासून घे आता. मला रागच आला, कारण मला ऐकू येतं, चांगलं ठणठणीत येतं, हल्ली लोकच पुटपुटत बोलतात त्याला मी काय करू. (हे वाक्य ज्याच्या तोंडी येतं त्याला तिथूनच उचलून तपासणीला न्यावं असं आता माझं मत झालंय.)

तर गेले. ती खोली भारी असते. दार लागलं की अशी शांतता की आपला आवंढा आपल्यालाच ऐकू येतो. डोक्याला हेडफोन, हातात एक बटण, आणि काचेपलीकडे बसलेली ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे कान तपासणारी. टूं ऐकू आलं की बटण दाबायचं. सुरुवातीला मजा वाटते, मग आवाज बारीक होत जातो आणि एक वेळ अशी येते की टूं खरंच वाजलं की मनात वाजलं हेच कळेनासं होतं, आणि परीक्षेत नापास व्हायच्या भीतीने आपण उगाचच बटण दाबतो. मी दाबलं दोन-चारदा. काचेपलीकडचा चेहरा हलला नाही म्हणजे पकडली गेले होते.

मग कागद मिळाला. आडव्या रेषेवर २५० पासून ८००० हर्ट्झपर्यंतचे आकडे, म्हणजे जाड्या आवाजापासून बारीक आवाजापर्यंत, उभ्या रेषेवर डेसिबल, म्हणजे तो किती मोठा केल्यावर ऐकू आला (जितकं खाली तितका कान वाईट), उजव्या कानाचे लाल गोल, डाव्याच्या निळ्या फुल्या. २००० पर्यंत माझे गोल आणि फुल्या शहाण्यासारखे वरच्या बाजूला एका ओळीत, आणि ४००० पासून जी घसरगुंडी सुरू होते ती थेट खाली. ती म्हणाली, "मॅडम, तुम्हाला आवाज येतो, पण अक्षरं पडतात. स, श, फ ह्यांचा जोर वरच्या फ्रिक्वेन्सीत असतो. त्यामुळे साठचा स गेला की तुमच्याकडे आठ उरतो." इतकं सोपं. दोन वर्षं मी लोकांना पुटपुटे म्हणत होते.

कानाचं मशीन घ्या म्हणाली. मी म्हटलं बघू, आणि घरी येऊन विषय बदलला.

पण त्याच आठवड्यात दुसरी गोष्ट झाली, आणि ह्या लेखाला खरं कारण ती आहे. लेकीच्या फोनवर पक्ष्यांचे आवाज ओळखणारं ॲप आहे, फोन धरला की स्क्रीनवर आवाजाचं चित्र सरकत जातं, खाली जाडे आवाज, वर बारीक. सकाळी गच्चीवर ती फोन धरून उभी होती आणि मी शेजारी. स्क्रीनच्या वरच्या भागात बारीक तिरक्या रेघा उमटत होत्या, चार-पाच, मग थांबून परत चार-पाच, कुणीतरी टोकदार पेन्सिलीने ओढल्यासारख्या. मी विचारलं हे काय, फोन बिघडला का? ती माझ्याकडे बघायला लागली. "आई, हा काय समोरच्या झाडात ओरडतोय. एवढ्या जोरात."

मला झाड दिसत होतं, पानं हलताना दिसत होती आणि आवाज कागदावर काढल्यासारखा डोळ्यांपुढून सरकत होता. कानात काहीही नाही. तो पक्षी कोण होता ते शेवटपर्यंत कळलं नाही, ॲपनेही नाव सांगितलं नाही आणि तो पानांतून बाहेरही आला नाही. पण त्या दिवसापासून मी पक्ष्यांच्या कानांबद्दल वाचत सुटले. स्वतःच्या कानाचा विषय टाळायचा असेल तर दुसऱ्याचे कान बरे पडतात.

आधी एक गैरसमज. मला वाटायचं पक्ष्यांना आपल्यापेक्षा किती तरी जास्त ऐकू येत असणार, इतकं सुंदर गातात म्हटल्यावर. तसं नाहीये. तरुण माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झ ऐकू येतं, आणि बहुतेक गाणाऱ्या पक्ष्यांचा कान २००० ते ४००० हर्ट्झच्या आसपास सगळ्यात तिखट असतो, पुढे ८-१० हजारांच्या वर गेलं की जवळजवळ संपतंच. हळू आवाज पकडण्यातही आपलाच कान सरस. कान टवकारायचे म्हटले तर टवकारायला बाहेर काही नाहीच, डोळ्याच्या मागे खालच्या अंगाला एक भोक असतं आणि त्यावर पिसांची जाळीदार झालर, ज्यातून आवाज आत जातो आणि वारा अडतो. आपल्या मधल्या कानात तीन हाडं असतात, त्यांच्यात एकच काडीसारखं. आणि आतला जो खरा ऐकणारा भाग, आपला गोगलगायीसारखा वळलेला असतो आणि उलगडला तर सुमारे ३५ मिलिमीटर भरतो, तो छोट्या पक्ष्यात दोन-तीन मिलिमीटरचा, किंचित वाकलेला तुकडा. बस्स. एवढ्यावर सगळा कारभार.

मग हे गातात कसे असं? तर त्यांची हुशारी आवाजाच्या पट्टीत नाही, वेळेत आहे. अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठात रॉबर्ट डूलिंग यांनी कित्येक वर्षं पक्ष्यांच्या श्रवणचाचण्या घेतल्या, आणि त्याची पद्धत वाचून मला हसूच आलं कारण ती थेट माझ्या त्या खोलीसारखी आहे. पक्षी छोट्या पेटीत, समोर बटण. एकच आवाज पुन्हा पुन्हा वाजतो आणि मधेच बदलतो. बदल कळला की चोचीने बटण टोचायचं, बरोबर असेल तर दाणे, आणि उगाच टोचलं तर पेटीतला दिवा काही सेकंद बंद. माझा दिवा कुणी बंद केला नाही हे उपकारच.

तर ह्या टोचाटोचीतून कळलं की झेब्रा फिंचसारखा पक्षी एक-दोन मिलिसेकंदांत आवाजाच्या आत होणारा फरक ओळखतो, जो माणसाला ऐकूच येत नाही. सेकंदाचा हजारावा भाग! आपल्याला ज्या दोन चिवचिवी तंतोतंत एकसारख्या वाटतात त्या त्यांच्या लेखी वेगळ्या. उलट गाण्यातल्या तुकड्यांचा क्रम आपण बदलला तर आपल्याला लगेच खटकतं आणि झेब्रा फिंचला त्याचं फारसं काही वाटत नाही, तो प्रत्येक तुकड्याच्या पोटात काय चाललंय ते ऐकत असतो. म्हणजे पक्ष्याचं गाणं म्हणून आपण जे ऐकतो ते बहुधा गाण्याचं पाकीट आहे, पत्र आतच राहतं. हे वाचल्यावर मला जरा बरं वाटलं. माझे कान चांगले होते तेव्हाही मला ते पूर्ण ऐकू येत नव्हतं तर.

आता मुख्य गोष्ट. गाणं म्हटलं की आपण गळ्याचं कौतुक करतो. पण गाणाऱ्या पक्ष्याचं गाणं बनतं ते कानात, गळा नंतर येतो. १९५० च्या दशकात केंब्रिजमध्ये विल्यम थॉर्प यांनी चॅफिंच नावाच्या पक्ष्याची पिल्लं मोठ्या पक्ष्यांपासून वेगळी वाढवली आणि ती मोठी होऊन गायली खरी, पण एकदम साधं, ओबडधोबड काहीतरी. त्यांचेच विद्यार्थी पीटर मार्लर पुढे कॅलिफोर्नियात गेले आणि तिथल्या व्हाइट-क्राउन्ड स्पॅरो पक्ष्यांत चक्क बोलीभाषा आहेत हे त्यांनी आणि मिवाको तामुरा यांनी दाखवलं, थोड्या अंतरावर गेलं की गाण्याची ढब बदलते, आणि पिल्लू ज्या गावचं ऐकेल त्या गावचं बोलतं. "ऐकावे जनाचे करावे मनाचे" ही म्हण पक्ष्यांना चालणार नाही. त्यांचं ऐकावेही जनाचे आणि करावेही जनाचेच, निदान पहिले काही महिने.

(मधेच एक. कोकीळ ह्या हिशोबात बसत नाही. शास्त्राच्या वर्गीकरणात तो गाणारा पक्षी नाहीच, त्याचं कुहू जन्मजात असतं, शिकावं लागत नाही, म्हणून तर कावळ्याच्या घरट्यात वाढूनही तो काव काव करत नाही. आणि गंमत म्हणजे कावळा मात्र गाणाऱ्या पक्ष्यांच्या गटात मोडतो. सगळं आयुष्य आपण चुकीच्या माणसाला, म्हणजे पक्ष्याला, टाळ्या वाजवतोय.)

पण ऐकून शिकतात एवढं म्हटल्याने भागत नाही. १९६५ साली मासाकाझू कोनिशी यांनी एक प्रयोग केला, तो वाचताना पोटात कालवतं पण सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पिल्लाने मोठ्यांचं गाणं नीट ऐकलंय, डोक्यात साठवलंय, पण स्वतः अजून गायला लागलेलं नाही, अशा वेळी त्याचे कान काढून घेतले तर? गुरूचं गाणं तर आत आहेच. तरीही ते पिल्लू मोठं होऊन जे गायलं ते गाणं नव्हतंच, नुसती खरखर, एकांतात वाढलेल्या पिल्लांपेक्षाही वाईट. कारण आत साठवलेलं गाणं हा नुसता नमुना असतो. पिल्लू बडबडायला लागतं, आपलंच ऐकतं, नमुन्याशी ताडून बघतं, परत म्हणतं. हजारो वेळा. ह्यात ताडून बघणारा म्हणजे कान, तोच गेला की नमुना आतल्या आत पडून राहतो.

बरं, एकदा गाणं पक्कं बसल्यावर तरी सुटका? मलाही वाटलं होतं. पोहणं कसं विसरत नाही, तसं. व्हाइट-क्राउन्ड स्पॅरोचं तसं बऱ्यापैकी आहेही, पक्कं झालेलं गाणं ते कान गेल्यावरही बराच काळ टिकवतात. पण १९९२ मध्ये दिसलं की मोठ्या झेब्रा फिंचचे कान गेले तर त्याचं गाणं काही आठवड्यांत विस्कटायला लागतं. बंगाली फिंच म्हणून एक पाळीव जात आहे, आपल्या ओळखीच्या पांढऱ्या पाठीच्या मुनियेपासून तयार झालेली, तिचं तर आठवड्याभरातच सुरू होतं. म्हणजे तो पक्षी रोज गाताना रोज स्वतःला तपासत असतो. २००९ मध्ये सॅम्युअल सोबर आणि मायकेल ब्रेनर्ड यांनी ह्याच बंगाली फिंचच्या डोक्यावर इवलेसे हेडफोन बसवले (मी ते चित्र बघून फिदाच झाले, एवढंसं डोकं आणि त्यावर हे) आणि त्याला त्याचाच आवाज किंचित वरच्या सुरात ऐकवला. काही दिवसांत पक्ष्याने आपला सूर खाली आणला. खालच्या सुरात ऐकवला तर वर नेला. कुणी सांगितलं नाही, दाणे दिले नाहीत. आपण चुकतोय असं त्याच्या कानाला वाटलं आणि त्याने आपलं आपण दुरुस्त केलं.

हे वाचत असताना लेक आतून म्हणाली, "आई, किती ओरडतेस!" मी फोनवर बोलून नुकतीच उठले होते. मला वाटत होतं मी नेहमीच्या आवाजात बोलले.

तेव्हा कुठे ट्यूब पेटली. मी माझ्या कानांचा विचार फक्त आत येणाऱ्या गोष्टींसाठी करत होते, काय ऐकू येत नाही, कोण काय म्हणालं. आपण बोलतो तेही ह्याच वाटेने जातं हे डोक्यात आलंच नव्हतं. मी लेकीला विचारलं, माझं बोलणं बदललंय का गं? ती जरा थांबली, मग म्हणाली, मोठ्याने बोलतेस हे तर आहेच, पण तुझे स-श हल्ली थोडे सारखेच येतात. म्हणजे माझ्याही गाण्याचे तुकडे घासायला लागले होते आणि ते मला सोडून सगळ्यांना ऐकू येत होतं.

कान आणि आवाज किती एकमेकांत गुंतलेले असतात ह्याचं सगळ्यात विचित्र उदाहरण मला कॅनरीत सापडलं. बेल्जियन वॉटरस्लॅगर नावाची जात आहे. तिचे शौकीन पिढ्यान् पिढ्या खालच्या सुरात, पाणी खळखळल्यासारखं गाणारे पक्षी निवडून त्यांचीच पैदास करत आले. गाणं हवं तसं झालं. आणि मग १९८० च्या दशकात तपासलं तेव्हा कळलं की ह्या जातीला वरच्या पट्टीचं ऐकू कमी येतं, २० ते ४० डेसिबलने कमी, आणि तेही आनुवंशिक. कानातल्या केसपेशी, म्हणजे आवाज पकडणाऱ्या पेशी, कमी, आहेत त्यातल्या कित्येक खराब. म्हणजे माणसं निवडत होती गळा, आणि हातात येत होता कान. त्यांचा ऑडिओग्राम, म्हणजे मला मिळाला तसाच कागद, बघितला तर २००० नंतर घसरगुंडी. मला तो कागद भिंतीवर लावावासा वाटला. बहीण सापडली.

गोंगाटाचं प्रकरण तुम्ही कुठेतरी वाचलं असेलच, म्हणून थोडक्यात. नेदरलँड्समधल्या लायडनमध्ये २००३ मध्ये दिसलं की जास्त गोंगाटात राहणारे ग्रेट टिट पक्षी आपल्या गाण्याचा खालचा सूर वर सरकवतात, कारण गाड्यांचा आवाज खालच्या पट्टीत सगळं गिळून टाकतो. आणि २०२० मध्ये सगळं बंद पडलं तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोच्या स्पॅरोंनी आवाज हळू केला, सूरही खाली आणला, आणि तरी त्यांचं गाणं आधीच्या दुप्पट अंतरावर पोचत होतं. मला ह्यात सुराच्या गणितापेक्षा आवाज हळू करणं जास्त आवडलं. तेही बिचारे इतके दिवस ओरडूनच बोलत होते.

आता ती गोष्ट, जी वाचून मी रात्री बराच वेळ जागी होते.

ऐकण्याचं खरं काम करतात त्या आतल्या कानातल्या केसपेशी. माणसाच्या एका कानात साधारण १५,०००, जन्माला येताना मिळतात तेवढ्याच. मोठे आवाज, काही औषधं, आणि नुसतं वय, ह्यांनी त्या मरतात आणि परत उगवत नाहीत. सगळ्या सस्तन प्राण्यांचं तेच. पण १९८७-८८ च्या सुमाराला कोंबडीच्या पिल्लांत आणि क्वेलमध्ये शास्त्रज्ञांना दिसलं की मोठ्या आवाजाने मेलेल्या केसपेशींच्या जागी नव्या उगवतायत. आजूबाजूच्या आधार देणाऱ्या पेशीच विभागतात किंवा रूप बदलतात आणि केसपेशी बनतात. पुढे स्टार्लिंग, म्हणजे आपल्या साळुंकीची चुलत बहीण, म्हातारी झाली तरी तिचे कान तरुण स्टार्लिंगसारखेच राहतात हेही मोजून झालं.

आणि २००२ मध्ये सेरा वूली आणि एडविन रुबेल यांनी बंगाली फिंचवर पुढचा प्रश्न विचारला. औषध आणि मोठा आवाज वापरून केसपेशी मारल्या. आठवड्याभरात गाणं विस्कटलं, अपेक्षेप्रमाणे. मग थांबले. केसपेशी हळूहळू परत उगवल्या, ऐकू यायला लागलं. आणि विस्कटलेलं गाणं? ते परत आलं. नवं कुणी शिकवलं नाही. पूर्वी जे होतं, बरंचसं तेच. काहींनी तर शेजारच्या पक्ष्यांचे नवे तुकडेही उचलले. म्हणजे इतके दिवस तो पक्षी जे वेडंवाकडं गात होता तेव्हा मूळ गाणं आत कुठेतरी धड होतं, त्याला फक्त स्वतःशी ताडून बघता येत नव्हतं.

मी उठले, बाथरूमचं दार लावलं, आणि आरशासमोर उभं राहून "साठ, आठ, साठ, आठ" असं म्हणत राहिले. जीभ जागेवर जात होती. हवा दातांतून सुटताना जिभेच्या टोकाला जाणवत होती. आवाज मात्र दोन्हींचा जवळजवळ सारखाच.

दुसऱ्या आठवड्यात मशीन ट्रायलवर आणलं. पहिले दोन दिवस भयंकर. नळ ओरडतो, कागद फाटल्यासारखे वाजतात, प्लॅस्टिकची पिशवी म्हणजे तर शत्रू. आणि माझा स्वतःचा आवाज असा की कुणीतरी दुसरीच बाई माझ्या डोक्यात बसून बोलतेय, आणि प्रत्येक स ला शिट्टी मारतेय. मी इतकी दचकले की हळू बोलायला लागले, तर लेक म्हणे आता काही ऐकूच येत नाही, जरा मोठ्याने बोल.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी गच्चीवर गेलो. तिने फोन धरला. समोरचं झाड, पानं, सगळं तेच. बराच वेळ खाली गाड्यांचा राखाडी पट्टा सरकत राहिला आणि वर काही नाही. मी जास्त नीट ऐकायला म्हणून कानामागे हात धरला, सवयीने, आपण धरतो तसा. आणि आला! बारीक, लांब, वरचा, अगदी स्वच्छ सूर. मी तिचा दंड घट्ट पकडला, आला गं आला, ऐक. ती स्क्रीनकडे बघत होती. तिथे आता खरंच एक रेघ होती, पण तिरकी तुटक नाही, पट्टीने ओढल्यासारखी सरळ आडवी.

"आई," ती म्हणाली, "हात काढ कानावरून. मशीन शिट्टी मारतंय."